पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहणार असेल तर आधी उंदरांचा बंदोबस्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादरच्या जुन्या इमारतीत स्टिल्टखाली, म्हणजे खांबांमधल्या पार्किंगच्या जागेत, तुमची सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघं लेकीकडे परदेशी निघताय आणि परत यायला ऑक्टोबर उजाडेल. गेल्या पावसाळ्यात गाडी जेमतेम तीन आठवडे हलली नाही, तेवढ्यात उंदरांनी वायरिंग कुरतडलं. आता चांगलं कव्हर कुठलं घ्यावं आणि वॉचमनला रोज पाच मिनिटं इंजिन सुरू करायला सांगावं का, हे तुम्हाला हवंय.

दोन्हीची उत्तरं आधी देतो. कव्हरवर पैसे घालवू नका, आणि रोज पाच मिनिटं इंजिन सुरू करायला कुणालाही सांगू नका. स्टिल्टखाली कव्हर घातलं की उंदरांना आडोसा मिळतो आणि आतली ओल आतच राहते. कव्हर उघड्यावर उन्हात उभ्या गाडीसाठी ठीक. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. सायलेन्सरमध्ये जमलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही, तेलातली ओल उडत नाही आणि स्टार्टरने बॅटरीतून ओढलेला करंटसुद्धा भरून निघत नाही. म्हणजे पेट्रोल जळतं आणि गाडी आहे त्याहून वाईट होते.

खरा प्रश्न वेगळा आहे. गाडी लांब काळ उभी ठेवण्याबद्दल जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं थंड देशांतलं असतं. तिथे बर्फ पडतो, रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून लोक नोव्हेंबर ते मार्च गाडी गॅरेजमध्ये बंद करून ठेवतात. त्यांचा शत्रू गोठणारं पाणी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळं ओलं असतं आणि त्या ओल्या मुंबईत तुमची गाडी ही कोरडी, अंधारी आणि न हलणारी जागा असते. गटाराकडेची, कंपाउंडच्या भिंतीखालची बिळं पहिल्या दोन मोठ्या पावसांत पाण्याने भरतात. आतले प्राणी वर येतात आणि कोरडी जागा शोधतात. म्हणून कुरतडलेल्या गाड्या आमच्याकडे पावसाळ्यातच जास्त येतात. परळला माझं गॅरेज आहे, ऑगस्ट ते दिवाळी हे काम ठरलेलं असतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. तुमच्याकडे विश्वासाचं, लायसन्स असलेलं माणूस आहे का? भाचा, शेजारी, जुना ड्रायव्हर, कुणीही. त्याने पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढून दादर ते वांद्रे आणि परत, निदान अर्धा तास चालवून आणली, तर खाली लिहिलेल्या निम्म्या गोष्टींची गरज उरत नाही. इंजिन तापतं, ब्रेक घासले जातात, टायर एकाच जागी दबून राहत नाहीत, बॅटरी भरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उंदरांना ती जागा भरवशाची वाटत नाही. घरटं करायला त्यांना सलग शांतता लागते. असं माणूस मिळत असेल तर आधी तेच ठरवा, त्याच्या पेट्रोलचे पैसे आणि वर काही देऊन. नसेल, तर गाडी पूर्ण निजवायची. मधला मार्ग, म्हणजे अधूनमधून कुणीतरी नुसती चावी फिरवणं, हा सगळ्यात वाईट.

दुसरी गोष्ट तुमच्या इमारतीची. हिंदमाता चौकात पावसाळ्यात पाणी किती चढतं ते दादर-परळकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी तुमच्या कंपाउंडमध्ये पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या रहिवाशांना विचारा. नुसत्या मोठ्या भरतीच्या दिवशी किती येतं तेही विचारा. पाणी गाडीच्या दाराच्या खालच्या कडेपर्यंत येत असेल, तर उंदीर हा दुय्यम प्रश्न झाला. मग गाडी तिथे ठेवूच नका. ठाणे, डोंबिवली, पुणे, जिथे नातेवाइकांकडे उंचावरची जागा असेल तिथे नेऊन ठेवा, किंवा बहुमजली वाहनतळाच्या वरच्या मजल्यावर महिन्याच्या हिशेबाने जागा मिळते का बघा. तळघरात तर कधीच नको.

पाणी येत नाही असं धरून पुढे लिहितो.

उंदरांपासून सुरुवात करू, कारण बॅटरी मेली तर नवी येते, पण मुख्य हार्नेस, म्हणजे गाडीभर जाणारा वायरींचा जुडगा, गेला तर इंजिनाच्या मागे डॅशबोर्डच्या आतपर्यंत हात घालावा लागतो, आणि जोड मारलेलं वायरिंग पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही.

मुंबईच्या इमारतींत प्रामुख्याने तीन प्राणी दिसतात. घूस जमीन उकरते, अंगाने जड असते आणि फारशी चढत नाही. ती कंपाउंड पोखरते, गाडीत तिचा त्रास कमी. काळा उंदीर पाइपवरून, केबलवरून सर्कशीतल्यासारखा चढतो, इंजिनमध्ये शिरतो तो हाच. आणि लहान पिटुकला घरचा उंदीर, ज्याला साधारण सहा मिलिमीटरची फट पुरते. तो एसीच्या हवेच्या वाटेने थेट केबिनमध्ये येतो. रात्री चूं चूं करत भिंतीकडेने पळणारी चिचुंद्री वेगळी. ती किडे खाते, वायरिंगच्या वाटेला जात नाही.

हे वायर का कुरतडतात, यावर एक समजूत अशी आहे की नव्या गाड्यांच्या वायरच्या आवरणात सोयाबीन असतं म्हणून ते खातात. माझा अनुभव निराळा आहे. जुन्या, वीस-वीस वर्षांच्या गाड्यांचं वायरिंगही असंच गेलेलं मी बघतो. आणि खाली इंजिनाच्या पत्र्यावर आवरणाचे तुकडे पडलेले असतात, म्हणजे खाल्लेलं नसतं. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडत राहावंच लागतं. घरट्याच्या आसपास जे दाताला बेताचं लागेल ते जातं. म्हणून मी वायर वाचवण्यापेक्षा घरटं होऊ न देण्यावर भर देतो.

गेल्या वर्षी एका गाडीचं एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत नारळाच्या शेंड्या, पिशव्यांच्या चिंध्या, बॉनेटखालच्या नमद्याचा कापूस आणि एक सुक्या बोंबलाचं डोकं. शेजारच्या इंजेक्टरच्या वायरीवर दोन-दोन दातांच्या समांतर खाचा, जणू कुणी छोट्या कानशीने ओढल्या आहेत. त्या गाडीवर तीन हजारांचं कव्हर होतं आणि बोनेटमध्ये पाच नेप्थलीनच्या गोळ्या होत्या. एक गोळी घरट्याला टेकून पडली होती.

गोळ्या, तंबाखूची पानं, पुदिन्याचं तेल, फिनाईल, अल्ट्रासोनिक यंत्र, हे सगळं लोक वापरतात. वासाने दोन-चार दिवस फरक पडतो, मग उंदीर सरावतो आणि वासही उडतो. चार महिन्यांसाठी यावर विसंबू नका. केबिनमध्ये नेप्थलीन तर अजिबात ठेवू नका, तो वास कापडात बसला की तुम्हालाच बसवणार नाही. इंजिनवर डिझेल किंवा फिनाईल मारण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रबरी पाइप खराब होतात आणि डिझेलने आगीची भीती.

काम करते ती धातूची जाळी. हार्डवेअरच्या दुकानात सहा मिलिमीटर चौकोनाची गॅल्वनाइज्ड वेल्डेड जाळी मिळते, साधारण एक मीटर पुरे. तीन ठिकाणं बंद करायची. पहिलं, एअर फिल्टरकडे हवा नेणाऱ्या नळीचं तोंड. दुसरं, पुढच्या काचेखाली वायपरच्या पट्टीत एसीला हवा आत जाते ती जागा. वरच्या प्लास्टिकच्या जाळीला मोठ्या फटी असतील तर आतून धातूची जाळी दाबून बसवा. तिसरं, सायलेन्सरचं तोंड, त्यात स्टेनलेस स्टीलचा भांडी घासायचा काथ्या घट्ट कोंबा. साधी लोखंडी वूल नको, आपल्या हवेत ती लवकर गंजून चुरा होते. आणि जिथे जिथे काही कोंबलं आहे त्याची यादी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून स्टिअरिंगला बांधा. बंद सायलेन्सर आणि बंद हवेची नळी ठेवून कुणी इंजिन सुरू करायचा प्रयत्न केला तर नुकसान नक्की.

त्याआधी इंजिनची जागा धुऊन काढा. उंदीर जिथून जातो तिथे मूत्राचा वास आणि अंगाची तेलकट काळी रेघ सोडतो. तो वास पुढच्यांना आमंत्रण देतो. गेल्या वर्षीचं वायरिंग दुरुस्त केलं, पण तो वास पुसला का? बहुतेक गॅरेजवाले पुसत नाहीत. साबणाच्या पाण्याने, ओल्या फडक्याने, हातमोजे घालून पत्रे पुसायला सांगा. वायरिंगच्या जोडांवर पाण्याचा फवारा मात्र नको. नमदा फाटलेला असेल तर काढून टाका, तो घरट्याचा तयार कापूस आहे.

बॉनेट मी स्टिल्टखाली उघडंच ठेवायला सांगतो, पूर्ण वर, दांडीवर टेकून. उंदराला डोक्यावर छप्पर आणि अंधार हवा असतो. उघड्या, उजेडाच्या जागी तो घरटं करत नाही. शेजारी दिवा लागत असेल तर अजून चांगलं. चोरीची भीती असेल तर सोसायटीशी बोलून ठरवा. पावसाचे शिंतोडे येत असतील तर मात्र बॉनेट बंद.

आणि सापळे. हे काम तुम्ही निघायच्या आधी निदान तीन आठवडे सुरू करा, नंतर नाही. संध्याकाळी चारही चाकांभोवती बारीक रांगोळी पातळ पसरा आणि सकाळी पावलं बघा. कुठल्या चाकावरून वर जातो, भिंतीकडून येतो की मोरीकडून, सगळं कळतं. त्या वाटेवर, भिंतीला काटकोनात, चाप किंवा पिंजरा लावा. आमिष म्हणून सुकट, बोंबील किंवा भज्याचा तुकडा. चीज-बिज काही लागत नाही. नव्या वस्तूपासून काळा उंदीर सुरुवातीला लांब राहतो, म्हणून दोन-तीन दिवस आमिष लावून चाप न ताणता ठेवा, मग ताणा. विषाची वडी गाडीत ठेवू नका. मेलेला उंदीर एसीच्या डक्टमध्ये सापडतो आणि तो काढायला डॅशबोर्ड खोलावा लागतो. अर्धमेला उंदीर खाऊन मांजरं आणि घुबडंही मरतात. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांना तर हात लावू नका. त्यातून फॉस्फीन वायू निघतो, तो वरच्या मजल्यावरच्या माणसांनाही मारू शकतो.

तुमची एकट्याची गाडी जपून फार उपयोग नाही, हेही सांगतो. सेक्रेटरींना भेटून तीन गोष्टी मागा: ओल्या कचऱ्याचे डबे रात्री झाकणबंद, मांजरांना आणि कबुतरांना टाकलेलं खाणं संध्याकाळनंतर जमिनीवर राहू नये, आणि कंपाउंडमधली बिळं काचेच्या चुऱ्यासकट सिमेंटने बुजवणं. महापालिकेचा कीटकनाशक विभाग उंदरांचं काम करतो, वॉर्ड ऑफिसमध्ये सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या. १८९६ च्या प्लेगपासून या शहराला उंदरांचं काम करावं लागतंय, त्यामुळे त्यांना हे नवीन नाही. उंदराचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. मे महिन्यात राहिलेली एक जोडी ऑगस्टपर्यंत किती होते याचा हिशेब तुम्हीच करा. गणपतीचा मांडव तुमच्या स्टिल्टमध्ये बसतो का तेही विचारा. मांडव आला की गाडी हलवावी लागते आणि दहा दिवस प्रसादाचे कण सगळीकडे पडतात. त्यासाठी चावी कुणाकडे आहे हे सेक्रेटरींना माहीत असू द्या.

केबिन आतून पूर्ण रिकामं करा. सीटखालची चिप्सची पाकिटं, ग्लव्ह बॉक्समधल्या गोळ्या, डिकीतली जुनी वर्तमानपत्रं आणि फडकी, सगळं बाहेर. व्हॅक्यूम करा. ओल धरू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे मिळतात, दोन डबे पायाशी ताटात ठेवा. चार महिन्यांत ते पाण्याने भरतात आणि ते पाणी पत्र्याला गंज आणतं, म्हणून ताट हवंच, आणि मध्ये एकदा कुणी बदलले तर उत्तम. शेवटच्या दिवशी एसी बंद करून ब्लोअर दहा मिनिटं फुल चालवा, म्हणजे आतली कॉइल वाळते आणि बुरशी कमी धरते. काचा पूर्ण बंद.

बॅटरी. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडा करंट घेत राहतात. पन्नास मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास. तुमच्या गाडीत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर महिन्याभरात ती रिकामी. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी राहिली की प्लेटवर सल्फेट बसतं आणि मग ती चार्जच घेत नाही. म्हणून दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह केबल काढा, टोकाला कापड गुंडाळून बाजूला करा. काढण्याआधी पूर्ण चार्ज करून घ्या, मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. स्टिल्टमध्ये प्लग असेल तर आपोआप थांबणारा लहान चार्जर लावून ठेवणं सर्वांत बरं, पण सोसायटीची परवानगी आणि पावसाचा विचार करा. केबल काढली की रिमोट चालणार नाही, दार चावीने बंद करायचं, आणि डिकी विजेने उघडत असेल तर आत काही महत्त्वाचं ठेवू नका.

टाकी पूर्ण भरा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत हवा जितकी कमी तितकी ओल कमी. चार महिने बंद टाकीत पेट्रोल टिकतं, परत आल्यावर थोडं चालवून ताजं टाका. इंजिन ऑइल जुनं झालं असेल तर निघायच्या आधीच बदला, वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते, ती चार महिने बेअरिंगवर बसू देऊ नये. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा पाच-सहा पौंड जास्त, मात्र टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. वायपरच्या रबराखाली कापडाची पट्टी.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या ड्रममध्ये ब्रेकचे शू गंजून चिकटतात आणि परत आल्यावर चाक फिरत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाच्या पुढे-मागे लाकडाचे ठोकळे लावा. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये आणि ठोकळे.

कागदपत्रांचं एकच: विमा मधे संपत असेल तर निघायच्या आधी नूतनीकरण करा. मुदत संपून नव्वद दिवस गेले तर नो क्लेम बोनस जातो. आणि उंदरांनी कुरतडलेलं तुमच्या पॉलिसीत भरून मिळतं का, हे कंपनीला ईमेलवर लेखी विचारून ठेवा. काही ठिकाणी त्यासाठी वेगळं विमा-संरक्षण घ्यावं लागतं.

तुमच्या गैरहजेरीत पाणी चढलंच, तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करून गाडी वाचवायला जायचं नाही. पाणी सिलिंडरमध्ये ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून किंवा टो करूनच हलवायची.

आणि परत आल्यावर घाई करू नका. बॅटरी जोडायच्या आधी, टॉर्च घेऊन, हातमोजे आणि मास्क लावून सगळं बघा. लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका. ब्लीच पाण्यात मिसळून शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग फडक्याने पुसा. पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप उंदराच्या मूत्रातूनही पसरतो. पेट्रोलचा वास येतोय का ते नाक खाली नेऊन बघा, कारण पेट्रोलच्या नळ्याही कुरतडल्या जातात, आणि वास आला तर चावीला हातही न लावता मेकॅनिक बोलवा. एअर फिल्टर आणि ग्लव्ह बॉक्समागचा एसी फिल्टर उघडून बघितल्याशिवाय ब्लोअर सुरू करू नका. स्टिअरिंगला बांधलेल्या कागदावरची एक-एक गोष्ट काढून टिक करा. मग केबल जोडा, इंजिन सुरू करा, डॅशबोर्डवर कुठलं चिन्ह जळत राहतंय का बघा. पहिले काही ब्रेक कर्रकर्र वाजतील, डिस्कवरचा गंज आहे, थोड्या अंतरात जातो. जात नसेल, किंवा चाक गरम होत असेल, तर ब्रेक खोलून घ्या.